नाटक नेमके कुठे थांबवावे : वस्तीत फोरम नाटक उभे करण्याची पद्धत

गावच्या पारासमोर पाच-सहा तरुण एकसारखे कुर्ते घालून येतात, डफ वाजवतात, दारुडा नवरा झोकांड्या खात येतो, लोक हसतात, बायको रडते आणि शेवटी सगळे नट एका रांगेत उभे राहून घोषणा देतात, पत्रके वाटतात आणि गाडीत बसून पुढच्या गावाला निघून जातात. अशी पथनाट्ये मी स्वतः सहा-सात वर्षे केली. एका गावात प्रयोगानंतर चहा पिताना कळले की, दारुड्याचे सोंग पाहून सर्वांत मोठ्याने हसणारा गृहस्थच त्या गावात हातभट्टीचा माल पुरवत होता. पोरांनी झकास काम केले म्हणून आमच्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. आमचा अभिनय वाईट नव्हता. नाटकाने उत्तर आधीच देऊन टाकले होते, त्यामुळे पाहणाऱ्यांना मान डोलावण्याखेरीज काही करायचे उरलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही ज्या प्रकाराकडे वळलो त्याला फोरम नाटक म्हणतात. त्यात एक छोटे नाटक उत्तर येण्याच्या अलीकडे थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून रिंगणात येऊन, अडचणीत सापडलेल्या पात्राची जागा घेऊन, आपल्या मते काय करायला हवे ते करून दाखवतो. हा लेख ते नाटक उभे करण्याच्या पद्धतीविषयी आहे. उदाहरण म्हणून मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड कुटुंबांबरोबर आम्ही बसवलेले नाटक घेतले आहे. शहरातील झोपडवस्ती, कारखान्याची वसाहत किंवा महाविद्यालयाचे वसतिगृह असले तरी पायऱ्या याच राहतात.

आधी प्रकार ठरवावा

महाराष्ट्राला लोकांपुढे जाऊन नाटक करण्याची मोठी परंपरा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारातून सत्यशोधक जलसे उभे राहिले, त्यांच्यापाठोपाठ आंबेडकरी जलसे आले आणि १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा बाज उचलून गिरणगावापासून खेड्यापर्यंत कामगारांचे प्रश्न मांडले. स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणलेल्या ‘मुलगी झाली हो’ या ज्योती म्हापसेकरांच्या नाटकात कार्यकर्त्या बायकाच उभ्या राहिल्या. दिल्लीत १९७३ मध्ये सुरू झालेल्या जन नाट्य मंचाने पथनाट्याला कामगार वस्त्यांमध्ये नेले. त्याचे एक संस्थापक सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्ये बसवली.

या सर्व प्रकारांमध्ये नाटक करणाऱ्यांना काहीतरी सांगायचे असते, आणि सांगण्याची गरज असते तेव्हा तेच प्रकार वापरावेत. नवीन कायदा आला आहे, रेशनचे नियम बदलले आहेत, मोर्चाची हाक द्यायची आहे किंवा दडपलेली एखादी घटना चव्हाट्यावर आणायची आहे, अशा वेळी डफ आणि घोषणा यांना तोड नाही. फोरम नाटकाचे काम वेगळे आहे. जेथे अन्याय सर्वांना ठाऊक आहे, तो चुकीचा आहे हेही मान्य आहे आणि तरीही माणसे त्याच वाटेने जात राहतात, तेथे ‘हे वाईट आहे’ असे पुन्हा सांगून काही हाती लागत नाही. बालविवाह, हुंडा, जमिनीच्या सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव उतरवणे, सफाई कामगाराला गटारात उतरवणे, जातपंचायतीचा बहिष्कार हे या प्रकारचे प्रश्न आहेत.

फोरम नाटकाची पद्धत ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आगुस्तो बोआल यांनी घडवली. १९७३ मध्ये पेरू देशातील साक्षरता मोहिमेत काम करताना ते प्रेक्षकांकडून सूचना घेत आणि नटांकडून त्या करून घेत. एका प्रयोगात एका बाईची सूचना नटांनी पुन्हा पुन्हा करून दाखवली, तरी ती म्हणे की, मला हे म्हणायचे नाही. शेवटी बोआल यांनी तिलाच वर बोलावले. तिने फसवणाऱ्या नवऱ्याला झाडूने बदडून काढले आणि मगच आपले म्हणणे पुढे चालू ठेवले. सूचना आणि कृती यांच्यातील अंतर त्या दिवशी उघडे पडले.

प्रश्न ज्याचा, नट त्याचे

बोआल यांनीच सांगितलेला आणखी एक प्रसंग आमच्या प्रत्येक नव्या गटाला मी पहिल्या दिवशी सांगतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची शहरी मंडळी ब्राझीलच्या ईशान्येकडील शेतकऱ्यांपुढे नाटक करत होती. शेवटी नटांनी बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडले पाहिजे, असे गाणे म्हटले. विर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला की, तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर चला, जमीनदाराच्या माणसांना हाकलून लावू. नटांना कबूल करावे लागले की, बंदुका लाकडी आहेत आणि आपल्याला लढता येत नाही. आपण जो धोका पत्करणार नाही तो पत्करा असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही गोष्ट बोआल यांनी तेथे शिकून घेतली.

म्हणून गटात निदान निम्मी माणसे तो प्रश्न जगणारी असावीत. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ मध्ये उभे राहिलेले बुधन थिएटर हे याचे ठळक उदाहरण आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्या छारा समाजातील मुलांनीच, पश्चिम बंगालमध्ये पोलिस कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन सबर या तरुणावर नाटक बसवले. पोलिसी छळाचा अभिनय त्यांना कोणाकडून शिकावा लागला नाही.

गट आठ ते दहा जणांचा असावा. त्यापेक्षा मोठा गट गावात रोज एकत्र जमत नाही, आणि लहान गटात एखादी मुलगी माहेरी किंवा सासरी गेली की नाटकच बंद पडते. आमच्या गटात ऊसतोडीला जाऊन आलेल्या चार बायका, दोन महाविद्यालयीन मुले, एक अंगणवाडी मदतनीस, एक भजनी मंडळातील पखवाजवाला आणि आम्ही दोघे बाहेरचे होतो. गट जमवण्यापासून पहिल्या प्रयोगापर्यंत दोन ते अडीच महिने धरावेत, बैठका आठवड्यातून दोनदा आणि संध्याकाळी ठेवाव्यात. बायका गटात हव्या असतील तर बैठकीची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. आमची वेळ रात्री साडेआठची होती, कारण भाकरी झाल्याशिवाय कोणी घराबाहेर पडू शकत नव्हते.

ऐकणे

पहिले दोन आठवडे नाटकाचा विषयही काढू नये. घरोघरी बसावे, पाण्याच्या टाकीजवळ बोलावे, आणि ‘तुमच्या समस्या काय’ असा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर लोकांना पाठ झालेले असते: रस्ता, पाणी, लाइट. त्याऐवजी विशिष्ट दिवसाविषयी विचारावे. गाडी यायच्या आदल्या दिवशी घरात काय-काय केले? कोण मागे राहिले? उचल हातात आली तेव्हा आधी कोणाचे देणे दिले?

उचल म्हणजे मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. ती माणसी मिळत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि एकटा माणूस अर्धा कोयता ठरतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या फडाकडे, म्हणजे उसाच्या शेतांकडे, निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. हे हिशेब समजून घेतल्यावर बालविवाहाचे चित्र पालटते. आई-बाप सहा महिने बाहेर असताना चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावरच्या कोपीत (झोपडीत) तिला घेऊन तरी कसे राहायचे, हा एका घरचा पेच असतो. पलीकडच्या घरात मुलाचे लग्न झाले की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. बापाची बुद्धी मागासलेली आहे एवढ्यावर नाटक उभे केले असते, तर प्रेक्षकांतील प्रत्येक बापाने मनातल्या मनात आम्हाला उठवून लावले असते.

ऐकलेले सर्व एका वहीत लिहावे. मात्र नावे लिहू नयेत. एकाच घरात घडलेली, ओळखू येईल अशी गोष्ट नाटकात जशीच्या तशी कधी घेऊ नये. तीन-चार घरांचे धागे मिळून एक पात्र करावे आणि ज्यांचे धागे घेतले त्यांना ते आधी वाचून दाखवावे.

शरीर मोकळे करणे आणि प्रतिमा

गावातील बायका-माणसे पहिल्या दिवशी बोलत नाहीत, आणि त्यांना संवाद दिले तर शाळेतील कवितेसारखे म्हणतात. म्हणून सुरुवात खेळाने करावी. आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेला खेळ साधा आहे: दोघांच्या जोडीत एकाने आपला तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा आणि हात जाईल तिकडे दुसऱ्याने तेवढेच अंतर राखून चेहरा न्यायचा, वाकायचे, बसायचे, गोल फिरायचे. दोन मिनिटांनी भूमिका बदलायच्या. नंतर फक्त एवढेच विचारायचे की, हात धरताना कसे वाटले आणि हातामागे जाताना कसे वाटले. आमच्या गटातील एका बाईने सांगितले की, हात माझा होता तेव्हा मला समोरच्याचा चेहरा दिसलाच नाही, फक्त तो मागे येतोय का एवढेच बघत होते. मुकादमाचे पात्र त्या वाक्यातून जन्माला आले.

खेळ जमले की प्रतिमांकडे वळावे. एकाने इतरांचे हात-पाय, माना, नजरा हातांनी वळवून, एकही शब्द न बोलता, त्या प्रश्नाचे शिल्प उभे करायचे. बाकीच्यांनी पाहून दुरुस्त्या करायच्या. हे झाले की, याच माणसांचे ‘हवे तसे’ शिल्प उभे करायचे. मग खरा अभ्यास सुरू होतो: पहिल्या शिल्पातून दुसऱ्यात जाताना, टाळीगणिक एक अशा हालचालीत, कोण आधी हलेल?

आमच्या गटातील सर्वांत तरुण मुलीने जे शिल्प रचले त्यात बाप जमिनीकडे पाहत उकिडवा बसला होता, मुकादमाचा हात त्याच्या खांद्यावर होता, मामा दाराकडे बोट दाखवत होता आणि मुलगी मध्ये उभी होती. आईला तिने मुलीच्या मागे उभे केले, आईचा एक हात मुलीच्या पाठीवर ठेवला आणि कितीतरी वेळ ती तो हात निरखत राहिली. मग तिने तळहात थोडा वळवला. आधी तो हात मुलीला सावरणारा दिसत होता. आता तो तिला पुढे ढकलतोय की धरून ठेवतोय हे कळेना. हलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी आईचा हातच हलणार, हे गटातल्या प्रत्येकाने न बोलता ओळखले. नाटकाची गाठ आई आहे, हे आम्हाला संहिता लिहिण्याआधी कळले ते असे.

नाटक बांधणे

फोरमसाठीचे नाटक पंधरा ते वीस मिनिटांचे असावे, कारण ते त्याच रात्री पुन्हा खेळायचे असते. त्याची बांधणी करताना चार गोष्टींवर तडजोड करू नये. मुख्य पात्राला काहीतरी स्पष्ट हवे असले पाहिजे. ते मिळवण्यासाठी त्याने खरोखर धडपड केली पाहिजे. ती धडपड फसली पाहिजे. आणि प्रत्येक फसण्याच्या क्षणी वेगळे काही करता आले असते, अशी फट शिल्लक असली पाहिजे. अन्याय करणारा इतका बलाढ्य दाखवला की ही फटच उरत नाही आणि प्रेक्षक सुन्न होऊन घरी जातात. खुनाचा किंवा बलात्काराचा क्षण म्हणूनच फोरमला चालत नाही. त्या क्षणी पीडितेला काय करता आले असते असे विचारणे क्रूरपणाचे आहे. नाटक त्याच्या बरेच आधी, वाटा शिल्लक असताना सुरू व्हावे.

आमच्या नाटकात चार प्रवेश होते. पहिल्यात नववीतील मंदा आईला सांगते की, तिला दहावीला बसायचे आहे, आणि आई ‘बघू’ म्हणते. दुसऱ्यात मुकादम ओट्यावर बसून उचलीची बोलणी करतो आणि गेल्या हंगामाची बाकी काढतो. तिसऱ्यात मामा स्थळ घेऊन येतो, बाप म्हणतो, “पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवू?” आणि या प्रश्नाला घरात कोणाकडेही उत्तर नसते. चौथ्यात मंदा शाळेतल्या सरांकडे जाते, सर घाबरून तिच्या बापालाच फोन करतात, आणि घरी आल्यावर तिच्या गालाला हळद लागते. आईचा हात पाठीवर येतो, शिल्पातल्यासारखा, आणि नाटक तेथे थांबते. गाणे नाही, घोषणा नाही. पहिल्या तालमीत आमच्या एका कार्यकर्त्याने शेवटी कायद्यातील वयाचे आकडे सांगणारे निवेदन जोडले होते. ते आम्ही काढून टाकले. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस हे आकडे त्या गावातील पोराटोरांना पाठ होते.

संवाद लिहून देण्याची घाई करू नये. प्रसंग सांगावा, नटांना आपल्या बोलीत बोलू द्यावे, तीन-चार तालमींनी जे टिकते तेवढेच लिहावे. बाप, मामा आणि मुकादम यांचे काम करणाऱ्यांची तयारी मात्र वेगळी करावी लागते. प्रेक्षकांतून कोणीही येऊन काहीही म्हणेल, तेव्हा त्यांना पात्राच्या तर्काने, ताबडतोब, उत्तर देता आले पाहिजे. म्हणून तालमीत त्यांना उलटसुलट प्रश्नांनी हैराण करावे: कर्ज किती आहे, कोणाचे आहे, बहिणीचे लग्न कसे झाले, रात्री झोप का लागत नाही. ज्या बापाला स्वतःचे कारण पटलेले नाही तो पहिल्याच हरकतीला विरघळतो आणि सगळ्यांना फुकटचा विजय मिळतो.

सूत्रधार

प्रेक्षक आणि नाटक यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस बोआल यांच्या परिभाषेत ‘जोकर’ असतो, पत्त्यांच्या कॅटमधील जोकरासारखा कोणत्याच रंगाचा नसलेला. मराठीत सूत्रधार हा शब्द तयार आहे, तोच वापरावा. मात्र आपल्या सूत्रधाराला सगळे ठाऊक असते, आणि याला काहीही ठाऊक नसल्याप्रमाणे वागावे लागते. ही भूमिका शिक्षकांना, प्रवचनकारांना आणि आमच्यासारख्या जुन्या कार्यकर्त्यांना फार जड जाते. चांगली सूचना आली की ‘शाब्बास’ म्हणण्याचा मोह होतो आणि एका शाब्बासकीने पुढचे दहा हात खाली जातात.

त्याचे नियम थोडके आहेत. प्रत्येक हस्तक्षेपानंतर प्रेक्षकांना तीन प्रश्न विचारावेत: याने काय केले, त्याने काय बदलले, आणि हे आपल्या गावात घडू शकेल का? बाप एकाएकी शहाणा झाला, पोलिस निरीक्षक देवासारखा धावून आला, असा चमत्कार दिसला तर सूत्रधाराने स्वतः तो खोटा ठरवू नये. ‘हे पटते का’ असे विचारावे, लोकच त्याची साले काढतात. हस्तक्षेप करणाऱ्याला अत्याचारी पात्राची जागा घेऊ देऊ नये, कारण मुकादम चांगला झाला तर प्रश्नच उरत नाही, आणि मुकादम चांगला होण्याची वाट पाहणे हाच तर आजवरचा कार्यक्रम होता. अडचणीतले पात्र आणि त्याची साथ देऊ शकणारी पात्रे, म्हणजे आमच्या नाटकात मंदा, आई आणि सर, एवढीच बदलता येतात. सुरुवातीला कोणी उठत नाही. तेव्हा दोन मिनिटे तशीच जाऊ द्यावीत, किंवा शेजाऱ्याशी बोलायला सांगावे. गटातलाच माणूस प्रेक्षकांत बसवून त्याला उठवण्याची युक्ती मी एकदा केली. गावाने ती पाच मिनिटांत ओळखली आणि त्या रात्री दुसरे कोणी उठले नाही.

जागा, वेळ आणि परवानगी

देवळासमोरची जागा सोयीची असते, पण कोणत्या वस्तीतील लोक तेथे मोकळेपणाने बसतात आणि कोणते कडेला उभे राहतात, हे आधी पाहावे. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान निवडले. प्रेक्षक गोलाकार बसवावेत, पहिली रांग जमिनीवर असावी आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या ठेवू नयेत. खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्यासमोर कोणी ‘थांबा’ म्हणत नाही. दीडशे-दोनशे माणसांपर्यंत माइक लागत नाही. हलगी वाजवून लोक जमवावेत आणि प्रयोग साडेआठपर्यंत सुरू करावा, म्हणजे चर्चेला दीड तास मिळतो. ध्वनिक्षेपक वापरायचाच असेल तर त्याला परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो चालत नाही.

ग्रामपंचायत आणि पोलिस ठाणे यांना लेखी कळवून पोच घ्यावी. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत आहे, आणि प्रेक्षक येऊन बदलतात अशा नाटकाची संहिता कोणती, हा प्रश्न खराच आहे. मूळ चार प्रवेश टंकलिखित करून ठेवावेत आणि स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. सरपंचाला आदल्या दिवशी भेटून नाटकात काय आहे ते सांगावे. त्यांची संमती मागू नये, पण त्यांना गाफीलही ठेवू नये.

प्रयोगाची रात्र

दिवाळीला पाच आठवडे असताना आमचा पहिला प्रयोग झाला. मूळ नाटक संपल्यावर सूत्रधाराने नियम सांगितले आणि नाटक पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या प्रवेशात पहिला ‘थांबा’ आला तो महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाचा. मंदाची ओढणी खांद्यावर टाकून त्याने बापाला कायदा, शिक्षा, आरोग्य सारे अस्खलित ऐकवले. बापाचे काम करणारा पखवाजवाला सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “बरं. मग सहा महिने तूच ठेव तिला तुझ्या घरी.” मैदान हसले, मुलगाही हसला आणि ओढणी परत देऊन खाली बसला. त्यानंतर एका शाळकरी मुलीने मंदा होऊन घरातून पळ काढला. सूत्रधाराने विचारले की, आता रात्र झाली, कुठे आहेस? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “एसटी स्टँडवर.” तेव्हा कोणी हसले नाही.

मग पन्नाशीच्या एक मावशी उठल्या. त्यांनी आईची जागा मागितली आणि तिसऱ्याऐवजी दुसऱ्या प्रवेशापासून सुरुवात करायला लावली. मुकादम नोटा मोजू लागताच त्या आतून येऊन ओट्यावर बसल्या, म्हणाल्या, “अर्धा कोयता माझा हाय, तर बोलणंबी माझ्यासंगं हुईल,” आणि पोरीच्या मागे राहण्याची व्यवस्था झाल्याशिवाय अंगठा उठवणार नाही असे त्यांनी सांगितले. मुकादम गोंधळला. बाप चिडला. मावशींनी मग प्रेक्षकांकडे वळून, नाटक आहे हे विसरून, नावे घेत विचारले की, तुझी थोरली, तुझी धाकटी आणि माझी नात अशा तिघी आपल्या म्हातारीजवळ एका घरात ठेवल्या आणि ज्वारी आपण तिघींनी दिली तर? मागून एक पुरुष ओरडला, “वसतिगृह हाय की शाळेचं!” त्याला तिथल्या तिथे तीन बायकांनी उत्तर दिले, “ते आठवीपर्यंतच हाय.”

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय तेथे आठवीला संपत होती आणि लग्ने नववी-दहावीच्या वयात होत होती. अडीच महिने गावात बसून, वह्या भरून, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. नाटक हळदीपाशी न थांबता आमच्या निवेदनाने संपले असते, तर ते सुचलेही नसते.

धोका आणि जबाबदारी

लोक रिंगणात जे धाडस करतात त्याचा हिशेब त्यांच्या घरी मागितला जाऊ शकतो. म्हणून प्रयोगाचे चित्रीकरण करू नये, आणि केलेच तर प्रेक्षकांचे चेहरे येऊ देऊ नयेत. मोबाइलवर फिरणारी वीस सेकंदांची चित्रफीत एखाद्या सुनेचे वर्षभराचे स्वास्थ्य घालवू शकते. मावशींच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने जाऊन आलो.

प्रयोगानंतर कोणीतरी हळूच येऊन सांगेल, हे गृहीत धरून तयारी असावी. आमच्याकडे एक मुलगी आली आणि तिच्या मैत्रिणीची तारीख ठरली असल्याचे तिने सांगितले. अशा वेळी गटाने स्वतः त्या घरी धडकू नये. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, आणि गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तक्रार करणाऱ्याचे नाव बाहेर फुटू नये यासाठी तालुक्याच्या ठिकाणच्या विश्वासू माणसांशी आधीच बोलून ठेवावे. गटातील नटांचीही काळजी घ्यावी लागते. मंदाचे काम करणारी आमची सहकारी स्वतः सोळाव्या वर्षी कोयता धरून फडावर गेली होती. तिसऱ्या प्रयोगानंतर तिने ही भूमिका सोडून मामाचे काम मागितले आणि ते तिने अतिशय जीव ओतून केले.

प्रयोगानंतर

प्रत्येक हस्तक्षेप लिहिण्यासाठी एक माणूस नेमावा. कोणत्या प्रवेशात, कोणी (नाव नको, वय, स्त्री की पुरुष एवढे पुरे), कोणाची जागा घेतली, काय केले आणि लोकांनी काय म्हटले, एवढे रकाने पुरतात. किती टाळ्या पडल्या आणि किती प्रेक्षक होते याची नोंद देणगीदारांना हवी असते, ती द्यावी. पण काम या वहीवर चालते. चार वस्त्यांत सहा प्रयोग झाल्यावर आमच्या वहीत तेच दोन हस्तक्षेप वेगवेगळ्या तोंडून वारंवार आले होते: उचलीच्या बोलणीत बायकोने बसणे आणि मोठ्या मुलींची मागे राहण्याची सोय.

बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ दि जानेरोचे नगरसेवक होते आणि वस्त्यांतील फोरम नाटकांतून आलेल्या सूचनांचे त्यांनी ठराव करून घेतले. त्यांतले तेरा कायदे झाले. आपल्याकडे त्यासाठी नगरसेवक व्हावे लागत नाही, ग्रामसभा आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८५ पासून काम करणाऱ्या जन संस्कृती या संस्थेचा अनुभवही हेच सांगतो की, एकाच गावात तेच नाटक पुन्हा पुन्हा नेले तर प्रेक्षकांचे रूपांतर हळूहळू समितीत होते. ग्रामसभेत मागणी मांडताना नाटकाचा उल्लेखही करू नये, नाहीतर चर्चा नाटकावर घसरते. मागणी एका वाक्याची, तारखेसह आणि एका अधिकाऱ्याच्या कक्षेतील असावी.

आमच्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली. तेथे मावशींनी ठराव मांडला: नववी-दहावीच्या मुलींना शाळेच्या वसतिगृहात जेवण मिळावे आणि ते टोळ्या निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू व्हावे. जेवणाची बाब पुढे पाठवतो असे उत्तर मिळाले आणि ती बाब अजून पुढेच आहे. तारखेचा भाग मात्र मान्य झाला. त्या हंगामात गाड्या आल्या तेव्हा वसतिगृहाची चूल पेटलेली होती, आणि मावशींच्या सासूबाईंच्या घरात पाच मुली राहत होत्या. ज्वारीचे पोते कोणी किती दिले याचा हिशेब दाराआड खडूने लिहिलेला होता.

टोळ्या एप्रिलमध्ये परतल्या की पुढचा प्रयोग करायचा असतो, कारण तेव्हा उचल फिटली की बाकी राहिली हे सर्वांना ताजे ठाऊक असते. त्या वेळी मूळ नाटक जसेच्या तसे खेळू नये. आम्ही दुसऱ्या प्रवेशात आईला सुरुवातीपासून ओट्यावर बसवले, आणि मुकादमाचे काम करणाऱ्याला नवी तयारी करावी लागली: आता तो म्हणतो की, ज्या घरची बाई बोलणीला बसते त्या घराला या साली उचल नाही.